पेटीतले दिवस

२००९ सालच्या भाद्रपदात, उचगावच्या घरी, तानाबाईंनी सुनेच्या हातातली दवाखान्याची पिशवी काढून घेतली आणि खुंटीला अडकवली.

"आत्या, आज पोरीचं डोळं तपासायला बोलावलंय की," क्रांती म्हणाली.

"सव्वा महिना झाल्याबिगर बाळातीण उंबरा ओलांडत न्हाय."

"अडीच महिनं झालं की बाळंत होऊन!"

"पेटीतलं दिस पोटातलंच धर. डॉक्टरच म्हणाला न्हवं, हिचं वय बाळंतपणाच्या मूळ तारखंपास्नं मोजा म्हणून? पोर बघ, उंदराएवढी. वारं लागलं तर पुन्हा पेटीत ठेवणार व्हय?"

डॉक्टर तसं म्हणाले होते खरे, पण ते बसण्या-रांगण्याबद्दल. निशिगंधा साडेसहा महिन्यांची, पाऊण किलोची जन्मली. दोन महिने काचेच्या पेटीत, नळीच्या श्वासावर जगली. अशा बाळांच्या डोळ्यांचा पडदा बिघडतो, पंधरा दिवसांनी न चुकता दाखवा, हेही त्यांनी बजावलं होतं.

क्रांतीने खुंटीकडे एकदा पाहिलं आणि पोरीला पदराखाली घेतलं.

पोर घरी आल्यापासून सव्वा महिना भरल्यावर तानाबाई स्वतः बरोबर गेल्या. बिद्रीला नोकरीला असलेला मुलगा, अमरसिंह, रजा काढून आला होता. तपासणी चुकल्याचं त्याला तिथेच कळलं.

"पडदा सुटलाय," डॉक्टर म्हणाले. "वेळेत आला असता तर लेझर करता आलं असतं. का आला नाहीत?"

तानाबाईंनी तोंड उघडलं.

"मी इसरले," सासूकडे न बघता क्रांती म्हणाली.

तानाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. रिक्षात बसेपर्यंत त्यांना वाटत होतं, आता बोलू. घर आलं.

अमरसिंहने बायकोला कधी माफ केलं नाही. दोन वर्षांत त्याने बिद्रीलाच दुसरा संसार थाटला. आता दिवाळीला तासभर उचगावला येऊन जातो. क्रांती लेकीला घेऊन जयसिंगपूरला माहेरी गेली, शिवणकामावर तिला वाढवलं. निशिगंधा साडेतीन वर्षांची होईपर्यंत चालली नाही. आता ती अकरावीत आहे, ठिपक्यांची पुस्तकं बोटांनी भराभर वाचते. तानाबाई उचगावात एकट्याच. दोन भाकऱ्या करतात, एक उरते.

दर रविवारी दुपारी नातीचा फोन येतो. परवा ती म्हणाली,

"आजी, आईचं इसरणं मी कधीच मनावर घेतलं न्हाय. तू बी आता माफ कर की तिला."

तानाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आजी? हायस न्हवं?"

"हाय," तानाबाई म्हणाल्या. "जेवलीस का?"