पाठीतून उघडणारा गाऊन

बायकोचे कपडे बदलायची वेळ झाली की मास्तर आधी रेडिओचा आवाज वाढवत. तिचं कण्हणं शेजारी जाऊ नये, एवढंच कारण. कॅन्सर हाडांत उतरला होता. उजवा हात खांद्यापासून वर नेला की तिच्या अंगातून कळ जाई, आणि हात वर नेल्याशिवाय तो बाहीत जाईना. आता औषधं आजार बरा करायला नाहीत, दुखणं आटोक्यात ठेवायला आहेत, असं डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं. मास्तरांनी मान डोलावली होती. पण मान डोलावणं वेगळं आणि मनाला पटणं वेगळं.

मास्तर म्हणजे टेलर-मास्तर; जन्म सगळा शिलाई मशीनवर गेलेला. गिऱ्हाईक उंबऱ्यात दिसलं की नजरेनं माप घेणारा माणूस, त्याच्यापासून घरातलं झिजणं कसं लपणार? गाऊन खांद्यावरून ओघळायला लागला, की दुपारी ती झोपल्यावर मास्तर दुसरा गाऊन उसवायचे, आत घ्यायचे, पुन्हा टीप मारायचे.

"अजून बसतोय हो मला हा," ती म्हणायची.

"बसणारच. तुला काय झालंय?"

त्या दिवशी घरी येणारी सिस्टर आली, तेव्हा नेमकी कपडे बदलायचीच गडबड चालली होती. तिनं औषध दिलं आणि म्हणाली, "थोडं थांबू या. गुण येऊ दे, मग हात लावू." थांबल्यावरही घट्ट बाहीतून हात काढताना बायको कळवळलीच. सिस्टरनं उतरवलेला गाऊन उलटा केला. आत शिवणीला लागून शिवण, एकीवर एक.  तिनं बाईंच्या अंगावर चादर घातली आणि मास्तरांना बाहेरच्या खोलीत घेऊन आली.

"मास्तर, जेवलात?"

"जेवलो की."

"काय जेवलात?"

मास्तरांना आठवेना. "ते आपलं... होतं ते."

"खोटं बोलताना तरी टाके बारीक घालावेत. सगळे दिसतायत."

मास्तर हसायला गेले आणि मधेच थांबले. सिस्टर मशीनपुढच्या स्टुलावर बसली. "मी इतके दिवस येतेय. औषध दिलं का, ताप आला का, हेच विचारून जाते. तुमचं काय चाललंय हे विचारलंच नाही. चुकलं माझं. दुपारचं बसायला कुणी येईल का?"

"धाकटी मेहुणी म्हणते येते म्हणून. मीच नको म्हणतो."

"हो म्हणा. त्या वेळात झोपायचं. हेही औषधच समजा." मग तिनं गाऊन मांडीवर पसरला. "आणि हा पाठीतून उघडायचा. खालपर्यंत. मागे नाड्या. म्हणजे हात वर न्यावाच लागणार नाही."

मास्तरांनी गाऊन तिच्या हातातून जवळजवळ ओढून घेतला. "नाही."

सिस्टरनं गाऊन सोडून दिला.

"पाठ उघडा कपडा मी आजवर एकदाच शिवलाय," ते म्हणाले. "ज्याच्यासाठी शिवला, तो माणूस गेलेला होता. आणि तो घातला की तिला कळेल."

"काय कळेल?"

"ती किती उरलीय ते."

"त्यांना कधी विचारलंत, काय कळलंय म्हणून?"

मास्तरांनी मान हलवली. नाही.

"विचारू या? मी असते बाजूला. तुम्हाला शब्द फुटला नाही तर मी सुरुवात करीन. तुम्ही फक्त त्यांच्याजवळ बसा."

आत गेल्यावर मास्तरांना खरंच शब्द फुटेना.  त्यांनी नुसता गाऊन पुढे केला. आतली बाजू वर होती.

बायकोनं शिवणीवरून बोट फिरवलं. "काचतात हो या मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढे खपत होता. म्हटलं, मी होते तेवढीच आहे असं यांना वाटतंय, तर वाटू दे बापडं."

 एकमेकांना जपण्याच्या नादात दोघंही आपापल्या कोपऱ्यात एकटी पडली होती.

मग मास्तरांनी कात्री घेतली. मानेपाशी जरा अडखळले, पण एकदा कापड फाटायला लागल्यावर हात सरळ चालला. सगळ्या जुन्या टिपा उसवल्या, नाड्या लावल्या. सिस्टरनं दाखवलं, "घालताना दुखरा हात आधी. काढताना दुखरा हात शेवटी. हात ओढायचा नाही, बाहीच हातावर चढवायची. आता तुम्ही करा." पहिल्यांदा नाडी गुंतली. दुसऱ्यांदा जमलं. बायको कण्हली नाही. तिनं डोळे मिटून एक लांब श्वास सोडला, तेव्हा मास्तर मागे सरून भिंतीशी जाऊन बसले.

"भीती वाटते का गं?" त्यांनी विचारलं.

"मरायची? वाटते थोडी. तुमची जास्त वाटते. साधी डाळ शिजवता येत नाही तुम्हाला."

"मी करीन गं सगळं, तू नको..." सवयीनं तोंडात आलेलं वाक्य मास्तरांनी अर्ध्यावर सोडलं.  मग म्हणाले, "मलापण वाटते. फार वाटते."

"मग तिकडे लांब काय बसलात? या इकडे. दोघं मिळून घाबरू."

सिस्टरनं खाटेच्या एका बाजूला उशी लावली, मास्तरांना टेकायला जागा करून दिली, आणि डाळ कुठे ठेवलीय ते बाईंना विचारून घेतलं.