मोरीची जीभ

खुरकुतीनं गावातली निम्मी जनावरं लाळ गाळत उभी होती, आणि गाव सगळा दोष कृपादानच्या माथी मारत होतं. कृपादान हा तालुक्याचा ढोरांचा डॉक्टर. उन्हाळ्यात त्यानंच गावातल्या झाडून साऱ्या जनावरांना खुरकुतीची लस टोचली होती. आणि आता पोळा सरला नाही तोच बैलांच्या खुरांत किडे पडलेले. साल एकाहत्तरचं. सुईवर मुळात कुणाचा फारसा विश्वास नव्हता, जो होता तोही गेला.

चावडीवर गहिनीनाथ पाटलानं त्याला उभाच ठेवला. "सुईनंच आनला रोग. आमी काय दूधखुळं हाय व्हय?"

"पाटील, हा रोग सोंगं बदलतो," कृपादान म्हणाला. "एका सोंगाची लस दुसऱ्या सोंगाला चालत नाही. आता कुठलं सोंग आलंय ते कळलं, तर बरोबर लस मागवता येईल. उरलेली जनावरं वाचतील. त्यासाठी जिभेवरचा ताजा, न फुटलेला फोड पाहिजे. त्याची साल प्रयोगशाळेत पाठवायची."

"मग काढा की. जनावरं काय कमी हायती?"

"सगळ्यांचे फोड फुटलेत. मागच्या वेळी तसलीच साल पाठवली, तिच्यात काही सापडलं नाही. तुम्ही आधी बाभळीची साल उकळून लावता, आणि मग मला बोलावता. पुढचं जनावर आजारी पडलं की त्याच दिवशी निरोप धाडा."

एवढं बोलून तो सायकलवर बसून गेला. निरोपाची वाट बघत बसेल ते गाव कसलं!

आमच्या भागात एक जुनी रीत आहे. खुरकूत आली की आजारी जनावराची लाळ फडक्याला पुसायची आणि धडधाकट जनावरांच्या तोंडात चोळायची. सगळी एकदाच आजारी पडतात, एकदाच उठतात, शेतीचा खोळंबा एकदाच होतो. तेव्हा ताजा फोड कसा आणायचा, हे कुणाला शिकवायला नको होतं. प्रश्न एवढाच, की कुणाच्या जनावराच्या जिभेवर. पाटलाचे बैल खिलारी, त्यांना हात लावायचा नाही. पुंजारामची गाय गाभण. सहादेवची पेरणी तोंडावर. प्रत्येकाच्या जनावराला काही ना काही कारण होतं. साळूबाईच्या गाईला तेवढं नव्हतं.

साळूबाई विधवा, गावाच्या कडेला राहायची. घरात ती आणि आंधळी सासू, दारात मोरी गाय आणि तिची पिती कालवड. मोरीचं दूध स्टँडवरच्या हॉटेलात जायचं, त्यावर दोघी जेवायच्या. दुसरं काही नव्हतं.

सकाळी पाटील आणि पुंजाराम धरून चौघेजण फडकं घेऊन दारात आले.

"पाटील, वासरू अंगावर पितंय हो," ती म्हणाली.

"खुरकुतीनं गाय मरत न्हाई, साळे. आन् मेलीच, तर गाव मेलंय का? वर्गनी काढून नवी घिऊन दिऊ. साऱ्या गावाचं पुन्य लागंल तुला."

पुण्य वाटायची वेळ आली की आमचं गाव गरिबाचं दार बरोबर हुडकतं. साळूबाई रडली नाही, आडवीही आली नाही. मोरी परक्या हाताला बिथरायची, आणि ती बिथरली की हे लोक काठी उचलणार, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं स्वतःच दावं धरलं, गाईच्या कपाळावरून हात फिरवत राहिली, आणि पुंजारामनं ते लिबलिबीत फडकं मोरीच्या तोंडात खसाखसा चोळलं.

तिसऱ्या दिवशी मोरीच्या जिभेवर टपोरा फोड आला. निरोप मिळताच कृपादान धावत आला. फोड बघून त्याचा चेहरा उजळला. मग त्यानं विचारलं, "हिला कशी लागण झाली?"

"लावली की," पुंजाराम ऐटीत म्हणाला. "तुमालाच ताजा पायजे हुता न्हवं?"

कृपादाननं मोरीच्या जबड्यावरचा हात काढून घेतला. मग त्यानं पिशवीतनं कात्री काढली. मला त्याचा राग येतो. पण फोड तर आलाच होता, आणि तो वाया घालवून तालुक्यातली बाकीची जनावरं मरू द्यायची का, याचं उत्तर माझ्याकडेही नाही. त्यानं साल कापून बाटलीत घातली. मोरी अशी हंबरली की आतली सासू बाहेर चाचपडत आली.

"मावशी, कालवडीला दूध पाजू नका," तो जाताना म्हणाला. "लहान वासराच्या काळजावर जातो हा रोग."

"आज सकाळीच प्याली की ती," साळूबाई म्हणाली.

त्यानं सायकलला टांग मारली.

कालवड आजारी अशी दिसलीच नाही. एका दुपारी आईकडे उड्या मारत निघाली आणि वाटेतच कोसळली. मोरीच्या सडांवर फोड आले, तिनं दूध चोरलं आणि मग ती आटलीच. वर्गणीचं विचारायला साळूबाई दारोदार गेली. सहादेव म्हणाला, सुगी होऊ दे. पुंजाराम म्हणाला, गाय जिती हाय न्हवं, मग वर्गनी कशाची? पाटील तर घरात असून भेटला नाही.

दिवाळीच्या आधी कृपादान नवी लस घेऊन आला. देवळापुढं जनावरं गोळा झाली. त्याचा चेहरा उतरलेला होता.

"पाटील, रोगानं सोंग बदललेलं नव्हतं," तो म्हणाला. "उन्हाळ्यात ज्याची लस टोचली तोच रोग आहे. लस बरोबर होती, पण मेलेली होती. बर्फाबाहेर राहिली की ती मरते. टोचायच्या आदल्या रात्री लसीची पेटी तुमच्या ओसरीवर होती. सकाळी तिच्यात बर्फ नव्हता, तळाला नुसतं पाणी होतं. मला वाटलं, उन्हाळ्यानं वितळला असेल. कुणी उघडली होती का?"

"कोन कशाला उघडंल?" पाटील म्हणाला. "तुमी टोचा."

त्यानं टोचायला सुरुवात केली. मोरीला लस लागणार नव्हती, ती रोग काढून उठली होती. पाटील हसून ओरडला, "साळे, तुझी गाय लई नशिबाची! तिची सुई चुकली!" सगळे खो खो हसले.

काम आटोपल्यावर कृपादान साळूबाईच्या दारात येऊन बसला. तिनं त्याला पाण्याचा तांब्या दिला.

"डाक्तर, पेटी ओसरीवर हुती त्या राती पाटलाच्या लेकीच्या लग्नाची सुपारी हुती," ती म्हणाली. "भांडी घासायला मीच हुते. तुमच्या पेटीतला समदा बरफ त्यांनी सरबतात घातला. पावनं लई खूश झालं."

कृपादाननं तांब्या खाली ठेवला. "मावशी, तेव्हा का नाही सांगितलंत?"

"मला काय ठावं, बरफ कशापायी असतो ते?" ती म्हणाली. "उरलेलं एक पेलाभर मलाबी दिलं. जन्मात कदी तसं गार प्याले न्हवते. पाटलाचं भलं व्हवो म्हनून आशीर्वाद दिऊन आले मी, डाक्तर."