गुलाबाच्या वाफ्यातली माती

रविवारची प्रार्थना आटोपून सगळे मागच्या हॉलमध्ये जमले होते. ऑरिन कॉफी ओतत होता, तेवढ्यात चर्चच्या समितीची प्रमुख विनिफ्रेड उभी राहिली. "सांगायलाच हवं. बिशपांनी आपलं चर्च बंद करायचं ठरवलंय. इस्टरनंतर इमारत विकणार."

ऐकायला माणसंही फारशी नव्हती. कागदगिरणीच्या कामगारांनी सुट्टीच्या दिवशी दगड वाहून हे चर्च बांधलं होतं. गिरणी गेली, तशी माणसंही गेली. उरलं ते गुरुवारचं जेवण. ज्याला भूक असेल त्यानं यावं, नाव विचारायचं नाही. त्याचं सूप ऑरिनची बायको थेल्मा करायची. गेल्या पानगळीत ती वारली. तेव्हापासून ऑरिन करतो, आणि सगळे म्हणतात, मीठ कमी आहे.

"चर्च म्हणजे नुसती इमारत नव्हे," बिशपांच्या कचेरीतून आलेले प्रेस्कॉट म्हणाले. "आपलं काम लोकांची सेवा. ती कुठंही करता येते."

"बरं. मग गुरुवारी पातेलं कुठं ठेवू? तुमच्या गाडीत?"

"ऑरिन, भांडू नकोस रे," विनिफ्रेड म्हणाली.

"भांडत नाही. विचारतोय."

प्रेस्कॉटनी चेहरा समजूतदार केला. "चर्चच्या बागेत पुरलेल्या अस्थींची काळजी करू नका. सगळे कलश आम्ही शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये नेऊ."

ऑरिननं किटली खाली ठेवली. "कसले कलश?"

कलश नव्हतेच. राख भांड्यात ठेवायची नाही, अशी इथली रीत. भिंतीलगतच्या गुलाबाच्या वाफ्यात खड्डा करायचा, राख थेट मातीत ओतायची, वरून माती लोटायची. दगड नाही, पाटी नाही. थेल्मानं तर बजावलं होतं, "मला डब्यात घालू नकोस. मी काय पीठ आहे?" जमीन गोठायच्या आत ऑरिननं स्वतःच्या हातानं तिला पांढऱ्या गुलाबाच्या मुळाशी ओतलं होतं.

"विनी, समितीनं काय कळवलंय यांना?"

"कलश हलवायला हरकत नाही म्हणून." विनिफ्रेड म्हणाली. "त्यांनी विचारलं, आम्ही हो म्हटलं. कोणाच्या डोक्यातच आलं नाही."

"तुझा हॅरल्डही तिथंच आहे."

"माहीत आहे मला. नवरा होता तो माझा."

प्रेस्कॉट म्हणाले की, यातून काही मार्ग काढू. काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

सोमवारी ऑरिन फावडं आणि बादली घेऊन वाफ्यापाशी गेला. वरची माती अजून गोठलेली होती. पांढऱ्या गुलाबाच्या मुळाशी त्यानं घाव घातला. खाली सगळी माती एकाच रंगाची निघाली. त्यानं ओंजळभर उचलली, चोळून पाहिली, आणि चिडून बादलीत टाकली. हिवाळाभर बर्फाच्या पाण्याबरोबर राख मातीत मुरली होती. तिची कोणती, कोणाला सांगता येणार?

मागून विनिफ्रेड आली. "कुठपर्यंत खणणार आहेस?"

"ती असेल तिथपर्यंत."

"आणि हॅरल्ड लागला तर?"

"त्यालाही घेतो. थेल्माला बोलायला कोणीतरी लागतंच."

ती हसली नाही. हातमोजे काढून तिनं बादली धरली. बादली भरली तेव्हा खड्डा जेमतेम गुडघ्याएवढा झाला होता आणि वाफा भिंतीच्या टोकापर्यंत तसाच पडून होता.

गुरुवारच्या सूपचे कांदे आणायचे होते. ही बादली कुठं रिकामी करायची, तेही अजून ठरायचं होतं.