कोऱ्या उंदरिणी

संस्थेच्या साहेबांनी प्रयोगशाळेच्या दारातूनच "बाई, उद्याच्या भाषणाला तो निळा कोट घाला" असं ओरडून सांगितलं, बाईंचा हात हलला आणि कात्री नको तितकी खोल गेली.

उंदरिणीची स्तनग्रंथी कातडीच्या आतल्या बाजूला चिकटलेली असते. कातडी उलटी करायची, ग्रंथी अलगद सोलून डिशमध्ये घ्यायची, उरलेली उंदरीण कचऱ्याच्या पिशवीत. पोट उघडायचं कारणच नसतं. बाईंनी आजवर शेकडो उंदरिणींची पोटं अशी सन्मानाने बंद ठेवली होती. आज एक उघडलं.

आत गर्भाशय दिसलं. नराचं तोंडही न पाहिलेल्या कोवळ्या उंदरिणीचं गर्भाशय दोऱ्याएवढं असतं. हे बुटाच्या नाडीएवढं होतं.

बाईंनी शेजारच्या फळीवरची दुसरी उंदरीण उघडली. नाडी. तिसरी. नाडी.

मग त्या स्टुलावर बसल्या.

सगळ्या जगाचं म्हणणं होतं की उंदरिणीला आधी काही दिवस इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं टोचून तयार केल्याशिवाय तिची ग्रंथी डिशमध्ये वाढत नाही. बाई एकट्या म्हणत होत्या, वाढते. उंदरीण अगदी कोरी असली तरी वाढते, फक्त डिशमध्ये योग्य ती संप्रेरकं योग्य क्रमाने द्या. या एका वाक्यापायी त्यांनी केस पांढरे केले होते. गेल्या वर्षापासून ग्रंथी खरोखरच वाढायला लागल्या, आणि उद्याचं भाषण ठरलं. आता समोर तीन उंदरिणी पडल्या होत्या, संप्रेरकं टोचल्यावरच फुगतात तसल्या गर्भाशयांच्या, आणि तिन्हींना कुणीतरी आधीच तयार केलेलं होतं.

कुणीतरी म्हणजे कोण, हा प्रश्न फार वेळ टिकणारा नव्हता. प्राणिघराचा प्रमुख पशुवैद्य हा बाईंचा नवरा. बायकोच्या उंदरिणी तो स्वतः निवडतो, स्वतः सांभाळतो, हे संस्थेत नव्या जोडप्यांना उदाहरण म्हणून सांगितलं जाई.

प्राणिघरात तो एका सशाची नखं कापत बसला होता.

"कधीपासून टोचतोयस?"

त्याने "काय?" असं विचारलं नाही.

"गेल्या वर्षापासून," तो सशाकडे बघत म्हणाला.

"का?"

"जेवत नव्हतीस. रात्र रात्र उठून बसायचीस. तो टकल्या प्राध्यापक भर सभेत तुझ्या तोंडावर हसला. मला बघवेना."

"मग मला सिनेमाला न्यायचंस."

"तुला सिनेमा आवडत नाही."

हे खरं होतं, आणि म्हणूनच बाईंचं डोकं अधिक फिरलं.

"म्हणजे माझं बरोबर असेल, असं तुला एकदाही वाटलं नाही?"

त्याने सशाचा पंजा उलटा करून पाहिला. नखं कापून झाली होती. त्याने पुन्हा एकदा पाहिला.

संध्याकाळी बाई साहेबांच्या खोलीत गेल्या आणि भाषण रद्द करा म्हणाल्या. उंदरिणींना आधीच संप्रेरकं मिळालेली होती, वर्षभराचं काम बाद.

"चूक कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"घरातलीच आहे."

साहेबांनी भाषण रद्द केलं आणि ते पेपरवेट फिरवत बसले. संस्थेला नवरा-बायको एकत्र नेमल्याचा अभिमान होता, आणि अभिमान रद्द करायची काही पद्धत नव्हती.

बाई बहिणीकडे राहायला गेल्या. दोन दिवसांत नणंदेचा फोन आला.

"वहिनी, दादाने बाहेर कुठे भानगड केली असती ना, तर मी तुझ्या बाजूने उभी राहिले असते. त्याला घराबाहेर काढायला मदत केली असती. पण उंदरांना सुया टोचल्या म्हणून कुणी घर सोडतं का?"

"भानगड केली असती तर परवडलं असतं."

"अगं, काहीतरीच!"

"भानगड करणारा माणूस निदान बायकोच्या कामात ढवळाढवळ करत नाही. त्याला वेळ कुठे असतो?"

नणंद हसली, मग आपण हसायला नको होतं हे लक्षात येऊन म्हणाली, "तो जेवत नाहीये गं."

"त्याला काय टोचायचं ते त्यालाच विचार," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

नव्या उंदरिणी त्यांनी बाहेरून, भलत्याच गावच्या पैदास केंद्रातून मागवल्या. पिंजरा संस्थेतल्या स्वतःच्या खोलीत कपाटावर ठेवला, किल्ली पर्समध्ये. अर्ध्या मजल्याने नाक मुरडलं. बाईंनी भुसा स्वतः बदलला, पाणी स्वतः भरलं. वेळ आली तेव्हा प्रत्येकीचं पोट आधी उघडलं. दोरा. दोरा. दोरा. मगच ग्रंथी सोलली, कागदाच्या कपट्यावर ठेवून पोषक द्रवावर तरंगत सोडली, आणि ठरल्या क्रमाने संप्रेरकं दिली.

दिवस भरल्यावर त्यांनी ग्रंथी लाल रंगवल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. पहिल्या डिशमध्ये पानगळीतलं झाड, नुसत्या फांद्या, म्हणजे वाढ नाही. दुसरीत तेच. तिसरी, चौथी तशीच. पाचव्या डिशशी त्या थांबल्या. फांद्यांच्या टोकांना बारीक बारीक घोस लागले होते. भरगच्च नव्हते, पण घोस होते. बाईंनी चष्मा पुसला, काच बदलली, पुन्हा पाहिलं. सहावीतही होते.

त्या उठल्या आणि त्यांचं पाऊल आपोआप दाराकडे वळलं. अशी बातमी आधी कुणाला सांगायची, हे पायांना कित्येक वर्षांपासून पाठ होतं.

दारात तोच उभा होता. दाढी वाढलेली, सदऱ्याचं एक बटण उघडं.

"आज बघणार होतीस म्हणून कळलं," तो म्हणाला. "काय झालं?"

"नाही वाढल्या," बाई म्हणाल्या.

असं म्हणायचं त्यांनी ठरवलं नव्हतं. पण म्हणून झालंच होतं, तर त्या त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघत राहिल्या. आधी त्याला वाईट वाटलं, अगदी मनापासून. त्यात खोट नव्हती. मग त्याचे खांदे हळूच, जेमतेम दिसतील एवढे, खाली आले. ओझं उतरल्यावर येतात तसे.

"असू दे गं," तो मायेने म्हणाला. "तू तुझ्याकडून काही कमी केलं नाहीस. आता घरी चल." आणि तो सूक्ष्मदर्शकाकडे वळला. "बघू तरी."

बाईंनी हात लांब करून सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.

"बघण्यासारखं काही नाही," त्या म्हणाल्या.