कोरियन जावई

लिफ्टमामांनी लिफ्टदुरुस्तीच्या उभ्या नोकरीत एकही लिफ्ट फार काळ बंद राहू दिली नव्हती, आणि हे सांगायची एकही संधी ते सोडत नसत. निवृत्तीनंतर त्यांनी एक छोटी कोरियन एसयूव्ही घेतली आणि पहिल्याच दिवशी मामींना बजावलं, "ही वीस वर्षं चालली पाहिजे." मामा स्वतः सत्तरीला टेकले होते. मामींनी तो विषय काढला नाही.

मग गाडीची बडदास्त सुरू झाली. धूळ बसायच्या आत मऊ फडकं फिरायचं, हवा तपासली जायची, वर कव्हर चढायचं. लिफ्टच्या धंद्यातला एक नेम मामांच्या हाडीमाशी खिळलेला होता: माणसं यायच्या आधी सकाळी लिफ्ट एकदा रिकामी वर-खाली फिरवायची. तोच नेम गाडीला. रोज सकाळी पाच मिनिटं इंजिन चालू करायचं, कान देऊन ऐकायचं आणि समाधानाने बंद करायचं. बाजारात मात्र दोघं पायी जात.

"जावईच आणलाय कोरियाचा," मामी म्हणत. "नुसता बसून लाड करून घेतो."

मामींनी हौसेने उतारवयात लायसन काढलं होतं. पण त्यांनी किल्ली मागितली, की मामांचं ठरलेलं उत्तर यायचं, "इंजिन नवं आहे. जरा रुळू दे."

"अहो, ते रुळेपर्यंत माझं लायसन संपेल."

पुढे मामींच्या शेजारच्या गावातल्या बहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मामींनी सरळ सांगून टाकलं, "त्या दिवशी गाडी मी चालवणार." मामांना नाही म्हणता येईना. त्या आठवड्यात त्यांनी जास्तीची काळजी म्हणून इंजिन सकाळ-संध्याकाळ सुरू करून पाहिलं.

आणि नेमकी त्या दिवशी गाडी ढिम्म. किल्ली फिरवली तर नुसती टकटक. मामींनी पिशवी उचलली आणि त्या बसस्टँडकडे चालू लागल्या. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मामांना बरं वाटलं असतं.

दुपारी मेकॅनिक बाई आल्या. त्यांनी दुसऱ्या बॅटरीला वायरी जोडून गाडी सुरू केली आणि विचारलं, "काका, रोज थोडा वेळ चालू करून बंद करता का?"

"रोज. न चुकता," मामा अभिमानाने म्हणाले.

"तिथंच घात झाला. सुरू करायला बॅटरी जेवढी खर्च होते, तेवढी पाच मिनिटांत भरत नाही. इंजिनही नीट तापत नाही, आत ओल धरते. तेल वेळेवर बदला, सर्व्हिसिंग चुकवू नका, पण हिला दर आठवड्याला मोकळ्या रस्त्यावर चांगली पळवा."

"पण लिफ्टला..."

"लिफ्टला वीज बाहेरून मिळते, काका. हिला स्वतःची धावून कमवावी लागते."

दुसऱ्या दिवशी बहिणीची पट्टी निघाल्यावर मामींचा फोन आला, "न्यायला येताय, की बसने येऊ?"

मामा गाडी घेऊन गेले. मामी बहिणीच्या घरातून बाहेर आल्या तेव्हा ते बॉनेटला टेकून उभे होते, आणि घरापासून मनात घोळवलेली सगळी माफी विसरले होते.

"वीस वर्षं मला नको होती गं," ते एकदम म्हणाले. "तुझ्यासाठी म्हणत होतो. उद्या मी नसलो आणि भररस्त्यात ही बंद पडली, तर तू कुणाला हाक मारशील?"

मामींचा राग कुठल्या कुठे गेला, पण डोळे भरून आले.

"म्हणजे तुम्ही गेल्यावर मी पहिल्यांदा चालवायची? एकटीने?" त्यांनी हात पुढे केला. "माझ्या हातून काय चुकायचं ते तुम्ही शेजारी बसला आहात तोवर चुकू द्या की."

मामांनी किल्ली दिली. वळसा घालून ते दुसऱ्या बाजूला बसले आणि हात कुठे ठेवावेत ते न कळून मांडीवर ठेवले. गाडीने दोन आचके दिले. गिअर करकरला तसा मामांचा हात गिअरकडे निघाला, पण त्यांनी तो परत मांडीवर आणला.

गाव मागे पडलं, रस्ता मोकळा झाला.

"चौथा टाकू?" मामींनी विचारलं.

"टाक," मामा म्हणाले. "आणि घाई करू नकोस. लांबच्या रस्त्याने जाऊ."