बॉनेटवर दिलेला शब्द

मित्रांनो, मी एक जुनी निळी स्टेशन वॅगन आहे. माझ्या बॉनेटवर हात ठेवून कोणी गोड बोलू लागलं की आजही मनात पाल चुकचुकते. का, ते सांगते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी आरशासारखी चकाकत होते. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या, पीचच्या बागांच्या गावात एमोस टब्ज यांनी मला घरी आणलं. ते फळं भरण्याच्या शेडवर मुकादम होते. शनिवारी ते मला अंगणात धुवायचे, आणि रविवारी मी चर्चच्या बायकांना, त्यांच्या मक्याच्या पावाच्या टोपल्यांसकट, मिरवत न्यायची. सगळे माझं कौतुक करत. एमोस वारल्यावर त्यांच्या पत्नी मला चालवू लागल्या; सगळं गाव त्यांना आदराने मिस ओझेला म्हणे. पुढे त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. डायलिसिससाठी शेजारच्या शहरात जावं लागे. तिकडे बस नव्हती. मीच होते.

त्यांचा मुलगा रॉस्को अधूनमधून मला मागून न्यायचा. तो रेडिओ न लावता चालवू लागला, तेव्हाच मला शंका आली. एके दिवशी त्याने स्टेपनीखाली एक पुडकं ठेवलं. हमरस्त्यावर पोलिसांनी अडवलं, आणि त्यांचा हात थेट स्टेपनीकडेच गेला. त्यांना कोणी सांगितलं असेल, हे मला अजून कळलेलं नाही. पुडक्यात कोकेन होतं. रॉस्को कोठडीत गेला आणि मी कोर्टामागच्या तारेच्या कुंपणात. असला माल ज्या गाडीत सापडतो ती सरकारजमा करता येते, असा तिथला कायदा.

त्या कुंपणात सरकारी वकील विटलो आणि रॉस्कोचे वकील हॅस्केल बायनम सिगारेट ओढायला येत. एकदा विटलोंनी माझ्या धुळकट बॉनेटवर पंजा टेकला.

"पोराला गुन्हा कबूल करू दे. मी शिक्षा कमी मागतो, आणि गाडी म्हातारीला परत."

"मग गाडीचंही करारात लिहू या ना," बायनम म्हणाले.

"आता या खटाऱ्यासाठी सगळं पुन्हा टाइप करायचं? माझा शब्द आहे, हॅस्केल. किती वर्षं ओळखतोस मला?"

ओळखतोस म्हणूनच लिहून घे, असं मला ओरडावंसं वाटलं. पण मला फक्त हॉर्न आहे, आणि तो दाबायलाही माणूस लागतो. ते गेले. धुळीत पाच बोटं उमटून राहिली. त्या शब्दाची तेवढीच खूण.

कोर्टात मी नव्हते. तिथलं सगळं मिस ओझेला नंतर शेजारच्या सीटवरच्या मैत्रिणीला सांगत, ते मी ऐकलं. कबुली घेण्याआधी न्यायाधीश विचारतात, लिहिलंय त्याखेरीज तुला कोणी काही वचन दिलंय का? आणि सगळे आरोपी 'नाही' म्हणतात. तशी रीतच पडली आहे, कारण 'हो' म्हटलं की ठरलेलं सगळं अडकतं. बायनमनी रॉस्कोला तेच पढवलं. आईची गाडी सुटावी म्हणून तो शपथेवर 'नाही' म्हणाला आणि तुरुंगात गेला.

काही दिवसांनी शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या, माणसाने मला धुतलं. एवढी माया कशाला, म्हटलं. पाच बोटं वाहून गेली. मग माझ्या दारावर शेरीफचा तारा रंगवून मला गस्तीला जुंपलं. इकडे मिस ओझेला दारोदार गाडी मागत होत्या. कधी कोणी मिळायचं नाही, मग उपचार चुकायचा आणि पाय सुजायचे.

शेवटी बायनमनी अर्ज केला, की ठरलं होतं ते सरकारने पाळावं. विटलो शांतपणे म्हणाले, कसलं वचन? आरोपी स्वतःच नाही म्हणालाय. न्यायाधीशांनी बायनमना विचारलं, तुमचा अशील तेव्हा खोटं बोलला की आता बोलतोय? मिस ओझेलांना खात्री होती, हा वकील आता सगळं रॉस्कोवर ढकलून मोकळा होणार. मलाही तसंच वाटलं असतं.

"तेव्हा खोटं बोलला, आणि मी सांगितलं म्हणून बोलला," बायनम म्हणाले. "वचन मला दिलं होतं, त्या गाडीला टेकून. मिस्टर विटलोंनाही शपथ द्या आणि विचारा."

विटलो शपथ घ्यायला उठलेच नाहीत. ज्या शब्दावर विसंबून माणसाने आपला खटला लढवणं सोडलं, तो शब्द सरकारला पाळावाच लागेल, असा निकाल झाला. अशिलाला शपथेवर खोटं बोलायला लावलं म्हणून बायनमांची वकिली मात्र काही काळ बंद पडली.

मी घरी आले. तारा खरवडला, तरी तिरपं ऊन पडलं की अजून दिसतो. मिस ओझेलांनी आल्याआल्या माझी स्टेपनी उचलून खाली पाहिलं. पुढे प्रत्येक फेरीआधी पाहू लागल्या. मला वाईट वाटायचं, पण त्यांचं चुकतंय असंही म्हणता येईना.

रॉस्को सुटून आला तेव्हा त्यांनी किल्ली मुठीत घट्ट धरली होती. त्याने कोणी न सांगता स्टेपनी उचलली आणि बाजूला उभा राहिला.

"बघ, आई."

त्यांनी वाकून पाहिलं. अगदी हात फिरवून पाहिलं. मग किल्ली त्याच्यापुढे केली.

"चल, उशीर होतोय. आणि रेडिओ लाव."

मित्रांनो, आता माझे पत्रे गंजलेत, पण वेळेवर तेलपाणी मिळालं तर मी अजून चालते. शब्दाचंही तसंच असतं, नुसता देऊन तो चालत नाही. कोणी तुम्हाला दिला, तर चारचौघांत पुन्हा म्हणायला लावा. आणि तुम्ही दिलात, तर धुळीत बोटं उमटवून निघून जाऊ नका.