चौदा नंबरचं भोक

राग मला लवकर येतो. आई म्हणते, लहानपणापासून नाकाच्या शेंड्यावर आहे. पण सत्त्याण्णव सालच्या ऑक्टोबरात आला तसा राग त्याआधी कधी आला नव्हता, आणि तो अजूनही पुरता गेलेला नाही.

तेव्हा मी नागापूरच्या (नागपूरच्या नव्हे) एमआयडीसीत पंप बनवणाऱ्या एका कंपनीत कॉम्प्युटर खात्यात होते. पर्मनंट नव्हते. एक नोव्हेंबरला पर्मनंटचं पत्र मिळणार होतं. खात्यात माणसं दोनच. मी आणि आमचे साहेब संदीप धाडगे. धाडगे साहेबांना कॉम्प्युटरबद्दल बोलता फार छान यायचं. काम मी करायचे.

आमच्या टेबलाशेजारी कपाटावर हब होता. हब म्हणजे पत्र्याचा चपटा डबा. त्याला सोळा भोकं, आणि तीन सोडली तर प्रत्येक भोकातून एकेक वायर एकेका खात्याच्या कॉम्प्युटरकडे गेलेली. हिशेब खातं, खरेदी, वेल्डिंगचं ऑफिस, सगळी या डब्याला बांधलेली. त्याच्यासोबत एक सॉफ्टवेअर आलं होतं. ते माझ्या कॉम्प्युटरवर उघडलं की पडद्यावर हबचं चित्र दिसायचं. चालू भोक हिरवं, बंद भोक लाल, आणि तिकडं कुणी काम करत असलं की हिरवं लुकलुकायचं. खुर्चीत बसल्या बसल्या माऊस दाबून कुठल्याही खात्याची वायर बंद करता यायची, परत चालू करता यायची. कुणी केव्हा काय केलं याची नोंदही ते ठेवायचं. एकच खोड होती. पडद्यावर एका वेळी बाराच भोकं दिसायची, पुढची चार बघायला खाली सरकावं लागायचं. स्टोअर चौदा नंबरवर होतं.

स्टोअरमध्ये सूर्यभान मामा होते. कर्जतकडचे, वय पंचावन्न, कंपनीत बावीस वर्षं. कॉम्प्युटर आला तेव्हा ते चारचौघांत म्हणाले होते, "ह्या डबड्यात माझा माल मावायचा न्हाई." मग मीच रोज जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसून त्यांना शिकवलं. एका बोटानं का होईना, चार महिन्यांत नोंदी भरायला लागले. मला पोरी म्हणायचे.

त्या वर्षी आईला, चांगुणाबाईला, नागपूरला दीक्षाभूमीवर न्यायचं ठरलं होतं. दसरा शनिवारी होता, म्हणजे शुक्रवारी सकाळीच एसटी धरायला हवी. शुक्रवारी खंडेनवमी. कंपनीत यंत्रांची पूजा, काम काही नाही, पण हजेरी लागते. माझी रजा संपलेली. मामा म्हणाले, "तू जा आईला घेऊन. सकाळचं कार्ड मी मारतो. पूजेच्या दिशी सुटताना कोन मारतंय कार्ड?" आमच्याकडे कामगारांत एकमेकांची कार्डं मारणं ही काही चोरी समजत नसत. ज्याच्या घरी लग्न, मयत, परीक्षा असेल त्याचं कार्ड शेजारचा मारायचा. मी आईला घेऊन गेले.

सोमवारी परत आले तर धाडगे साहेबांनी मला दारातूनच दोन दिवसांसाठी पुण्याच्या ऑफिसात पाठवलं. बुधवारी कामावर आले तेव्हा नोटीस बोर्डाखाली मामा उभे होते. हातात मेमो होता.

"वाच गं पोरी. मला नीट लागंना."

धाडगे साहेबांच्या तक्रारीवरून काढलेल्या त्या मेमोत लिहिलं होतं, की सूर्यभान यांनी कॉम्प्युटरला असलेल्या विरोधापायी स्टोअरची वायर जाणूनबुजून निकामी केली, सोमवारपासून एकही नोंद केली नाही, त्यामुळे खरेदीला साठा कळला नाही आणि मंगळवारी पंप जोडणीची लाइन चार तास बंद पडली. शनिवारपासून निलंबन, नंतर चौकशी.

"म्या हातबी लावला न्हाई वायरीला," मामा म्हणाले. "सोमवारपासून चालू व्हईना. धाडगे सायबाला दोनदा सांगितलं. वहीत सगळं लिवलंय म्या. ह्यो बघ." काखेतली वही त्यांनी पुढं केली. खिळा न खिळा लिहिलेला.

मी आत गेले, सॉफ्टवेअर उघडलं आणि खाली सरकले. चौदा नंबर लाल. माऊस दाबला. हिरवा झाला. स्टोअरला फोन केला, तर मामांचा कॉम्प्युटर चालू. बावीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला ज्याच्यापायी घरी बसवणार होते, ते दुरुस्त करायला मला दहा सेकंदंही लागली नाहीत.

मग नोंद कागदावर छापून काढली. शुक्रवार, सकाळी दहा बेचाळीस, सर्व भोकं बंद. अकरा पाचपासून पुढं एकेक भोक चालू. एक, दोन, तीन करत बारापर्यंत, आणि तिथंच संपलं. तेरा, पंधरा, सोळा रिकामीच होती, त्यांचं कुणाला काही नाही. चौदाचं कुणी बघितलंच नाही. आणि हे सगळं कुणी केलं, तर नोंदीत नाव होतं माझं.

माझा पासवर्ड आणखी एकाच माणसाला माहीत होता. त्यानं तो चिठ्ठीवर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवला होता, कारण त्याला पाठ होत नव्हता.

धाडगे साहेबांनी कागद वाचला. जरा ओशाळल्यासारखं केलं आणि दार लोटून घेतलं.

"अगं, मालक आले होते पूजेला. म्हणाले, आज सगळ्या यंत्रांना विश्रांती पाहिजे. म्हटलं, साहेब, एका जागेवरून सगळी कंपनी विश्रांतीला पाठवतो, बघा. मालक खूश झाले. परत चालू करताना एक राहिलं. होतं असं."

"मग मेमो मागे घ्या."

"लाइन बंद पडली त्याचं उत्तर कुणी तरी द्यायला हवं ना? सूर्यभानला काय, घरी शेती आहे. दोन महिने बसेल. आणि नोंदीत नाव तुझं आहे, जयमाला. त्या दिवशीचं तुझं कार्डही मारलेलं आहे. मी बघितलंय. एक तारीख जवळ आली आहे, शहाण्यासारखी वाग."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. या माणसाला सोमवारीच कळलं होतं, पण पडदा खाली सरकवायचं ठाऊक नव्हतं आणि मला विचारायची लाज होती. म्हणूनच मला पुण्याला पाठवलं. मी नव्हते हे सांगावं, तर कार्ड कुणी मारलं ते सांगावं लागणार. म्हणजे मामांना वायरीच्या मेमोतून सोडवायचं आणि कार्डाच्या मेमोत अडकवायचं. दुसऱ्याचं कार्ड मारल्याचं वर कळलं तर थेट काढून टाकतात.

दुपारी कँटीनमधून परत येताना नोटीस बोर्डाकडे लक्ष गेलं. पूजेचा फोटो. धाडगे साहेबांनी स्वतः मोठा करून लावला होता. मधोमध टेबलावर आणून ठेवलेला हब, त्याला झेंडूची माळ, हळदकुंकू. माझ्या खुर्चीत धाडगे, हात माऊसवर, तोंडभर हसू. मागं मालक कौतुकानं वाकलेले. पडद्यावर दिसणारी बाराही भोकं लाल. भिंतीवरच्या घड्याळात पावणेअकरा वाजायला आलेले. कडेला मामा, दोन्ही हातांत नारळ धरून. सगळं ऑफिस फोटोत होतं. मी नव्हते.

मी टाचण्या उपसल्या, फोटो आणि नोंदीचा कागद घेतला आणि जनरल मॅनेजर मिरीकर साहेबांच्या केबिनमध्ये न विचारता घुसले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. आवाज चढला होता हे आठवतं, कारण बाहेरचा टाइपरायटर थांबला. "ज्याच्या हातात माऊस आहे त्याला मेमो द्या," असं मी म्हणाले, "ज्याच्या हातात नारळ आहे त्याला का?"

मिरीकर साहेबांनी फोटो बघितला, कागद बघितला, परत फोटो बघितला. त्यांना कळायला वेळ लागला नाही.

"सूर्यभानचा मेमो रद्द करतो," ते म्हणाले. "पण तू यात कुठं आहेस?"

"नागपूरला होते. आईला घेऊन."

"तुझं कार्ड मारलेलं आहे म्हणतात."

"मीच मारलं. सातला आले, कार्ड मारलं, तशीच एसटी स्टँडवर गेले."

"खरं सांगतेस?"

"हो."

त्यांनी पेन उचललं. विश्वास बसला नसावा, पण लिहायला हे उत्तर सोयीचं होतं. माझं पर्मनंट वर्षभर पुढं ढकललं आणि खोट्या हजेरीबद्दल मला मेमो मिळाला. धाडगेंचं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, "त्यांना समज देऊ. माणसाकडून चूक होते." मी केली ती मग काय होती, हे विचारायचं राहून गेलं. ते आजही खुपतं. संध्याकाळी फोटो परत बोर्डावर होता.

मी पासवर्ड बदलला. नवा कुणाला दिला नाही.

पुढच्या सोमवारी मामा पिशवीभर सीताफळं घेऊन आले, गावाकडची. चेहरा खुलला होता.

"सायब म्हनले, यंत्राचाच दोष हुता. मेमो फाडला माझ्यादेखत. माझी बायको म्हनली, आधी जयमालाला सीताफळं दे." मग त्यांनी खुर्ची ओढली. "आन तुझं पर्मनंट लांबलं म्हनं?"

"हो. वर्षभर."

"का गं?"

"कामात चूक झाली."

मामा गंभीर झाले. "बघ पोरी, रागवू नको. काम नीट करावं मानसानं. बावीस वर्सांत माझ्या नावावर एक ठपका न्हाई." एक सीताफळ दाबून बघून त्यांनी माझ्यापुढं ठेवलं. "आन पुढल्या दसऱ्याला आईला न्यायचं तर बिनघोर जा. कार्ड मारायला मी हाय."

"माझ्या कार्डाला पुन्हा हात लावायचा नाही!" मी एवढ्या जोरात ओरडले की धाडगे साहेबांनीही मान वर केली. "कळलं? कुणाच्याच नाही!"

मामा चपापले. उठले आणि पिशवी तिथंच ठेवून निघून गेले. त्यांना वाईट वाटलं. वाटू दे, म्हटलं, पण खरं सांगणार नाही.

थोड्या वेळानं पडद्यावर चौदा नंबर लुकलुकायला लागला. मामा नोंदी भरत होते, एका बोटानं.